ती टोपी आहे, मोरी नव्हे

मंगळवारी सकाळी मोठ्या आईचा फोन आला. आवाज बसलेला, दर वाक्याला खोकला. "तो व्हिडिओ पाहून यांच्या हॅटचे डाग काढून राहिली होती, तर डोळ्यांची आगच व्हायला लागली. काय झालं असंल गं?" काय काय घातलं म्हणून विचारलं. ब्लीच, त्यात व्हिनेगर. कुठं? मोरीत, दार लावून, घरभर वास नको म्हणून. मोठी आई ७६ वर्षांची आहे आणि तिला दमा आहे.

व्हिडिओ तुमच्याकडेही आला असेल. "फेल्टची हॅट घरच्या घरी नवीकोरी, ७ उपाय, ड्रायक्लीनवाले हे कधीच सांगणार नाहीत." तीन मिनिटं, मागे बासरी, आणि शेवटी सात जणांना पाठवायची विनंती. मला तो चार ग्रुपवरून आला, त्यातला एक आमच्याच नाटकाचा. म्हणजे ज्या लोकांच्या डोक्यावर मी वीस वर्षं हॅट चढवतेय, त्यांनीही तो न पाहता पुढे ढकलला. मी हौशी संस्थेचा कपडेपट सांभाळते. डॉक्टर, डिटेक्टिव्ह, इंग्रज साहेब, यांतलं कोणी नाही असं नाटक स्पर्धेला क्वचित असतं, त्यामुळे पेटीत फेल्टच्या सहा हॅट होत्या. 'होत्या' का, ते पुढे येईलच.

पहिला उपाय हाच, ब्लीच आणि व्हिनेगर. "बुरशीचे आणि घामाचे डाग, दहा मिनिटांत गायब." यावर मी थांबणार आहे. बाकीचे सहा मिळून एवढं नुकसान करत नाहीत.

घरातलं ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं पाणी. त्यात आम्ल पडलं की क्लोरीन वायू सुटतो. व्हिनेगर, लिंबू, संडास धुवायचं ॲसिड, कोणतंही आम्ल चालतं. १९१५ साली, पहिल्या महायुद्धात, बेल्जियममधल्या ईप्रच्या रणांगणावर सैनिकांवर सोडला तो हाच वायू. मोरीत तेवढा होत नाही हे खरं, पण तो हवेपेक्षा जवळजवळ अडीच पट जड असतो, खाली साचतो, आणि मोठी आई पाटावर बसून हॅट चोळत होती. साचलेल्या वायूत नाक बुडवून बसल्यासारखंच झालं. तिचं नशीब की डोळे चुरचुरताच ती बाहेर आली. व्हिडिओतली बाई हे मिश्रण उघड्या गॅलरीत करते. मोरीत करू नका, हे तीन शब्द तिला जड झाले.

आता हॅटचं काय होतं ते. फेल्ट म्हणजे विणलेलं कापड नाही. ते लोकरीचे किंवा सशाच्या केसांचे तंतू एकमेकांत गुंतवून, दाबून केलेलं असतं. केस म्हणजे केराटिन, म्हणजे प्रथिन. हायपोक्लोराइट प्रथिन विरघळवतं. विरघळवतं म्हणजे अक्षरशः. माझा भाचा टेक्स्टाइलला आहे, त्यानं मला आयएसओ १८३३ या आंतरराष्ट्रीय मानकाचा चौथा भाग दाखवला. मिश्र कापडात लोकर किती हे मोजायची पद्धत त्यात आहे. कापडाचा नमुना सोडियम हायपोक्लोराइटमध्ये घालायचा, २० अंशांवर ४० मिनिटं हलवायचा, लोकर पूर्ण विरघळून जाते, उरलेलं कापूस किंवा पॉलिएस्टर धुऊन, वाळवून तोलायचं. विरघळताना उष्णता निघते म्हणून काळजी घ्या, अशीही सूचना या पद्धतीत असते. मोठ्या आईनं आपल्या मोरीत प्रयोगशाळेतली चाचणी केली म्हणायची, फक्त नमुना म्हणून मोठ्या बाबांची हॅट.

मी रात्री घरी करून पाहिलं. एका पेल्यात ब्लीच, त्यात मेंढीच्या लोकरीचा दोरा आणि सुताचा दोरा, खिडकी उघडी. लोकरीवर आधी बुडबुडे आले, मग ती पिवळी आणि बुळबुळीत झाली, आणि सकाळी पेल्यात एकटं सूत होतं. करून पाहणार असाल तर लोकर खरी घ्या. दुकानात विणकामाची लोकर म्हणून मिळते ती बहुतेक ॲक्रिलिक असते, तिला ढिम्म होत नाही. उगाच मला फोन करून खोटं पाडाल.

आणि व्हिडिओची खोच इथंच आहे असं मला वाटतं. त्या बाईची हॅट ब्लीचमधून टवटवीत बाहेर येते, कारण ती लोकरीची नसावी. क्राफ्टच्या दुकानात रंगीत फेल्टचे ताव मिळतात ना, तसल्या पॉलिएस्टरच्या हॅटही आता सर्रास मिळतात. नाव तेच, फेल्ट. तिला ब्लीच लावा, मशीनमध्ये घाला, फार काही बिघडत नाही. ओळखायचं असेल तर आतल्या पट्टीखालून दोन तंतू उपटून चिमट्यात धरा आणि काडी लावा. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटांत चुरली तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर, मग खुशाल सातही उपाय करा. (एकावेळी एकच. आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर तेव्हाही नाही.)

वॉशिंग मशीनचा उपाय पाचवा आहे, पण तो आत्ताच घेते. "कोमट पाणी, जेंटल मोड." लोकरीच्या तंतूवर खवले असतात. ओल, ऊब आणि घुसळण मिळाली की ते एकमेकांत अडकतात आणि सुटत नाहीत. फेल्ट तयार होतो तो असाच. काश्मिरात नमदा करतात तेव्हा लोकरीचे थर पसरून, साबणाचं पाणी शिंपडून, गुंडाळून लाटत राहतात, तेही हेच. म्हणजे हॅट मशीनमध्ये घालणं म्हणजे कारखान्याचं काम पुन्हा सुरू करणं. आमच्यात एकानं केलंय. निघालेली टोपी त्याच्या नातवाला बसली.

तेलकट डागाला पेट्रोल, हा दुसरा उपाय. जुन्या लाँड्रीवाल्यांची पेट्रोल वॉशची पाटी आपण सगळ्यांनी पाहिली आहे, तेव्हा यात अगदीच तथ्य नाही असं नाही. पण ते लोक ते काम स्वयंपाकघरात गॅसशेजारी करत नव्हते. नागपूरच्या मे महिन्यात ४५ अंशांत कपात पेट्रोल ओतून ठेवणाऱ्या माणसाशी मला वाद घालायचा नाही. शिवाय पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि ते का नको हे सॅनिटायझरशी येतं.

शाईच्या डागाला सॅनिटायझर, हा सहावा. हॅटची कड ताठ राहते ती नुसत्या दाबानं नाही. चांगल्या जुन्या हॅटला लाखेची खळ दिलेली असते. लाख म्हणजे आपल्या पळसावर, कुसुमावर किडे करतात ती, गोंदियाकडच्या लोकांना वेगळी सांगायला नको. लाख पाण्यात विरघळत नाही, पण स्पिरिटमध्ये विरघळते, सुताराला विचारा. सॅनिटायझर म्हणजे बव्हंशी स्पिरिटच, आणि पेट्रोलमधलं इथेनॉलही तेच. शाई तिथंच पसरते, तेवढ्या भागातली लाख सुटते, कड लुळी पडते, आणि वाळल्यावर पांढरट कडं उमटतं. एका डागाचे दोन.

चौथा उपाय, कुकरची वाफ. इथं मला थोडं मागे सरावं लागतं, कारण वाफ खरंच कामाची आहे. चेपलेली हॅट वाफेवर धरली की तंतू मऊ होतात, हातानं आकार देता येतो, दबलेली लव उठते. आमच्या पेटीतली प्रत्येक हॅट पहिल्या घंटेआधी वाफ खाऊन जाते. पण कुकर? शिट्टीबरोबर वरणाचं पिवळं पाणी उडतं हे ज्या बाईला माहीत नाही, तिच्या स्वयंपाकघराबद्दलच मला शंका आहे. साधी किटली घ्या, हॅट वीतभर वर धरा, दोन-चार सेकंद, बाजूला, ब्रश, पुन्हा. आणि हॅट पणजोबांच्या काळातली, सशाच्या केसांची असेल तर वाफेवर धरूच नका. तेव्हा केस गुंतावेत म्हणून पाऱ्याचा क्षार वापरत, अमेरिकेत तो १९४१ साली बंद झाला. जुन्या हॅटमध्ये तो पारा अजून सापडतो, म्हणून संग्रहालयातले लोक हातमोजे घालून त्या हाताळतात.

भिजलेली हॅट उन्हात किंवा हेअर ड्रायरनं वाळवा, हा सातवा. यावर मी अनुभवानं बोलते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदी घरात शिरली, तेव्हा आमच्या दोन पेट्या अंबाझरी लेआउटमध्ये एका मित्राच्या तळमजल्यावर होत्या. दुपारी कुलूप उघडलं तेव्हा सहाही हॅट गाळाच्या पाण्यात तरंगत होत्या. आमच्यातल्या एका उत्साही मुलानं दोन लगेच गच्चीवर कडक उन्हात नेऊन ठेवल्या. आतली चामड्याची पट्टी आकसली, तिनं हॅट आत ओढली, आणि गाळ तंतूंत भाजून बसला. त्या दोन फेकल्या. गटाराचं पाणी लागलेली वस्तू डोक्यावर घालायची की नाही हाही प्रश्न होताच, पण त्याआधीच त्या संपल्या होत्या.

बाकीच्या चार वाचल्या. चामड्याची पट्टी बाहेर उलटून हॅट त्या पट्टीवर उभी केली, कडेवर नाही. कडेवर ठेवली की कड सपाट होते. आत पांढरा कागद कोंबला. वर्तमानपत्र नको, ओल्या फेल्टला शाई लागते. पंख्याखाली, सावलीत, तीन दिवस. तोपर्यंत चिखलाला कोणी हात लावायचा नाही. हे शेवटचं सर्वांत अवघड, कारण डाग दिसला की हात शिवशिवतात. काळी माती ओली असताना पुसली की आत जाते, सुकली की ब्रशनं झडते. ब्रश लवेच्या दिशेनं, म्हणजे माथ्याभोवती घड्याळाच्या उलट.

साध्या पावसाच्या थेंबांचे डाग पडतात त्यालाही हेच लागू. डाग म्हणजे बहुतेक वेळा पाण्याची वाळलेली कडा असते. तेवढाच भाग ओल्या फडक्यानं पुसला की कडा फक्त बाहेर सरकते. पूर्ण हॅटवर सारखी वाफ द्या किंवा बारीक फवारा मारा आणि सगळी एकदम वाळू द्या, म्हणजे कडा राहायला जागाच उरत नाही.

टूथपेस्ट कुठल्याशा उपायात मधेच येऊन जाते. दातांना लावा.

राहिला तिसरा, तेलाच्या डागाला मुलतानी माती, आणि तो, नाइलाजानं म्हणते, बरोबर आहे. लोकरीतली चरबी काढायला अशी माती शतकानुशतकं वापरली गेली आहे, आणि तिचं इंग्रजी नाव, फुलर्स अर्थ, लोकर घोटणाऱ्यांवरूनच पडलं. फक्त डाग ताजा हवा, आणि राखी हॅटवर मातीचा पिवळेपणा राहतो, तिथं कॉर्नफ्लोर घ्या. रात्रभर ठेवा, झटका, ब्रश करा. वरवरची मळ असेल तर शिळ्या पावाचा मऊ तुकडा फिरवा, खोडरबरसारखा. बुरशीला तर काहीच लागत नाही, गच्चीवर नाकाला रुमाल बांधून झटकायची आणि वाऱ्यावर ठेवायची. मोठ्या आईला एवढंच करायचं होतं.

डॉक्टरांनी तिला वाफारा आणि पंप दिला, आता बरी आहे. व्हिडिओ तिनं डिलीट केलेला नाही, "बाकीचे उपाय चांगले आहेत त्यातले" म्हणते. म्हणून हे लिहावं लागलं.

हॅट मी घेऊन आले होते. मागच्या कडेवर रुपयाएवढी जागा पिवळी, लव गेलेली, बोट लावलं तर खरबरीत. गेलेले केस परत येत नाहीत. झिरो नंबरच्या पॉलिश पेपरनं अगदी हलकं घासून कडेचा पिवळेपणा थोडा कमी केला, वाफ दिली, ब्रश केला, आणि शनिवारी धरमपेठेत नेऊन दिली. मोठ्या बाबांनी ती तिथल्या तिथं डोक्यावर ठेवली आणि फिरायला निघाले. मी म्हटलं, डाग दिसतो हो अजून.

"मागं आहे ना? मंग मले कुठं दिसून राहिला!"