वस्तऱ्यापुढे मान कशी द्यावी

सलूनच्या खुर्चीत बसताच सुजाण गिऱ्हाइकाने नजर टीव्हीकडे लावावी, कारण वस्तऱ्यात अर्धे पाते आपल्यासमोर मोडून घातले की आधीच्याच दाढीचे राहिले, हे न्याहाळण्याचा आगाऊपणा सभ्य माणसाला शोभत नाही. पाते दोन-चार रुपयांचे असेल, पण भीड अनमोल असते. यकृताला सूज आणणाऱ्या हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर, डोळ्यांना न दिसणाऱ्या रक्तातही, किमान ७ दिवस तग धरतो हे खरे. म्हणून काय आपण आठवडाभरातल्या गिऱ्हाइकांची चौकशी करीत बसायचे?

कापलेच तर तुरटीचा खडा निःशंक फिरवून घ्यावा. तुरटी त्वचा आकसवून रक्त थांबवते, आणि रक्त थांबले की जंतूही थांबले अशी आपली परंपरागत समजूत आहे. सकाळपासून किती गालांवरून फिरून तो खडा एवढा गुळगुळीत झाला, याचा विचार करू नये. ज्यांचे एकमेकांकडे पाणीसुद्धा चालत नाही, अशी मंडळी निदान या खड्यावर तरी एकत्र येतात.

आरशापुढच्या जंतुनाशकाच्या बरणीत कंगव्यांसोबत केसही तरंगत असतील, तर कंगवे बुडवले जातात याचा तो पुरावा समजावा. कंगवा आधी साबणाने धुतला नाही तर जंतुनाशकाची ताकद मळातच खर्ची पडते, हे पुस्तकी ज्ञान बाहेर चपलांपाशी सोडून यावे. ट्रिमरवर ७० टक्के अल्कोहोल फवारून कारागीर ते त्याच क्षणी पुसून टाकतो, तेव्हाही गप्प राहावे. पाते काही काळ ओले राहिल्याशिवाय औषध काम करीत नाही, परंतु बाकावर चार जण ताटकळत असताना जंतूंना मरायला वेळ देणे परवडणारे नसते. मानेवर नंतर नायटा उठलाच तर दोष उन्हाळ्याला द्यावा.

करोनाच्या टाळेबंदीनंतर २८ जून २०२० रोजी महाराष्ट्रातील सलून पुन्हा उघडली, तेव्हा फक्त केस कापण्याची मुभा होती, दाढीची नव्हती, आणि प्रत्येक गिऱ्हाइकानंतर अवजारे निर्जंतुक करण्याचे बंधन होते. त्या दिवसांत आपणही घरचा टॉवेल काखोटीला मारून गेलो होतो, ही गोष्ट (आता कोणी विचारीत नाही म्हणा) चारचौघांत काढू नये.

घरी मात्र सख्ख्या भावाने आपल्या रेझरला हात लावला, तर जरूर भांडावे.