बारका दाखवा की

सोलापूरच्या नवी पेठेतल्या कुठल्याही मोबाईलच्या दुकानात जाऊन म्हणा, "बारका दाखवा." काउंटरवरचा पोरगा आधी तुमच्याकडं बघतो, मग तुमच्या मागं कुणी म्हातारं माणूस उभं आहे का ते बघतो. "कुणाला पाहिजे ओ मालक? आईंसाठी का? बटणाचा देऊ?" बटणाचा नको, स्मार्टफोनच पाहिजे, फक्त हातात मावणारा, एवढं सांगितलं की त्याचा चेहरा पडतो. मग तो पावणेसात इंची फोन पुढ्यात ठेवतो आणि म्हणतो, "हा घ्या की. सहा हजार एमएएचची बॅटरी आहे." आपण आकार विचारलेला असतो, तो बॅटरी सांगतो. त्याच्या दृष्टीनं विषय संपलेला असतो.

आता मोठ्या फोनशी माझं काही वैर नाही. पण तो शर्टाच्या खिशात घालणं म्हणजे कडक भाकरी खिशात घालून फिरणं: निम्मी बाहेर, वाकलात की खाली, आणि पडली की तुकडे. अंथरुणात आडवं होऊन वाचताना दोनशे ग्रॅमचा ऐवज नाकावर आपटला की डोळ्यांतून पाणी येतं आणि घरातलं कुणी विचारत नाही. एका हातात पिशवी, एका हातात फोन अशा अवस्थेत डाव्या कोपऱ्यातलं बटण दाबायला अंगठा पोचत नाही, म्हणून माणूस भाजीच्या गाड्यासमोर हनुवटीनं पैसे पाठवायच्या बेतात येतो. तेव्हा बारका फोन ही चैन नव्हे, गरज आहे, असं माझं ठाम मत आहे.

पण नवा बारका फोन बाजारात उरलाय कुठं? आयफोन १३ मिनी सप्टेंबर २०२१ मध्ये आला, ५.४ इंच, १४१ ग्रॅम, आणि दोन वर्षांत बंदही झाला. त्यानंतर ॲपलनं मिनीचं नाव काढलं नाही. २०२५ मध्ये वनप्लसनं १३एस 'कॉम्पॅक्ट' म्हणून आणला, तो ६.३२ इंच आणि १८५ ग्रॅम. सॅमसंगचा एस२५ त्यातल्या त्यात हलका, १६२ ग्रॅम, पण पडदा ६.२ इंचाचा. म्हणजे खरोखरचा बारका पाहिजे असेल तर जुनाच घ्यायचा, आणि जुना म्हणजे कुणीतरी वापरून कंटाळलेला.

घ्यावा का? घ्यावा. फक्त फोनच्या किमतीत नव्या बॅटरीचा खर्च आधीच मिळवून. ही बेरीज पटली तर पुढं बोला, नाहीतर सहा हजारवाला घेऊन घरी जा. जुना फोन चालतो, जुनी बॅटरी चालत नाही.

हिशेब बघा. आयफोन १२ मिनीची बॅटरी २,२२७ एमएएच, १३ मिनीची २,४०० च्या आसपास. २०२० च्या आयफोन एसईची तर १,८२१. ॲपलच्याच सांगण्यानुसार आयफोन १४ पर्यंतच्या बॅटऱ्या चांगल्या परिस्थितीत ५०० पूर्ण सायकलनंतर ८० टक्के क्षमता टिकवून ठेवाव्यात अशा बनवलेल्या आहेत. आज अर्धी वापरली, उद्या अर्धी वापरली, की झाली एक सायकल. मोठ्या बॅटरीवाल्याला एक सायकल दोन दिवस पुरते. बारक्या फोनवाला दुपारी एकदा आणि रात्री एकदा लावतो, रोजची सव्वा सायकल धरा, की पाचशेचा कोटा चारशे दिवसांत खलास. २०२१ चा फोन आज हातात घेतलात तर मूळ बॅटरी कधीच म्हातारी झालेली असणार. १३ मिनीची ८० टक्के म्हणजे १,९०० आणि वर थोडी. एवढ्यावर सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणापर्यंत फोन वापरतो आणि जेवणानंतर चार्जर शोधतो. चार्जरही लाइटनिंगचा, म्हणजे ॲपलच्या जुन्या पिनेचा. हुतात्मा एक्सप्रेसच्या अख्ख्या डब्यात विचारून बघा, सगळे "सी टाइप आहे, चालंल का?" म्हणतात. नाही चालत.

त्यात आपलं सोलापूर. आयफोन ० ते ३५ अंशांच्या हवेत वापरावा, असं कंपनीनं लिहून ठेवलंय. लिहिणारा माणूस एप्रिलमध्ये पार्क चौकात उभा राहिलेला नसावा. मार्च सरत आला की जूनचा पहिला पाऊस पडेपर्यंत दुपारी आपला पारा चाळिशीला टेकतो, बऱ्याचदा ओलांडतो. म्हणजे नियमानं बघितलं तर या दिवसांत दुपारी फोन बाहेर काढूच नये. आणि आम्ही लग्नं नेमकी याच दिवसांत काढतो. नवरदेव पारावर, वऱ्हाड उन्हात, व्हिडिओ सुरू. मग पडदा आपोआप अंधुक होतो, फ्लॅश बंद पडतो, चार्जिंगला लावलेला असेल तर चार्जिंग थांबतं, आणि फारच झालं तर फोन गार होईपर्यंत थांबा म्हणून पाटी येते. बारका फोन लवकर तापतो, कारण आतला प्रोसेसर मोठ्या १३ मधलाच आहे, ए१५, पण उष्णता बाहेर टाकायला पाठ लहान. कव्हर काढा, सावलीत ठेवा, गाडीच्या डिकीत टाकू नका. काही महाभाग फ्रिजमध्ये ठेवतात. तापलेला फोन एकदम गार केला की आत दव धरतं, आणि मग फोन खरंच कायमचा गार होतो.

खरेदीचा दिवस म्हणजे विकणाऱ्याच्या संयमाची परीक्षा. तो सांगणार, "लेडीज युज आहे", "डॉक्टरांचा होता", "एक स्क्रॅच दाखवा, फुकट देतो." मान डोलवायची आणि *#०६# दाबायचं. पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, येतो. तो सेटिंग्जमधल्या जनरल, अबाउट या पानावरच्या नंबरशी जुळवायचा. मग इंग्रजीत केवायएम, एक जागा सोडून तो नंबर, असा एसएमएस १४४२२ ला पाठवायचा. सरकारच्या संचार साथीकडून उत्तर येतं. ब्लॅकलिस्टेड किंवा डुप्लिकेट आलं तर फोन खाली ठेवून चहाचं निमित्त करून निघायचं.

त्याच अबाउटच्या पानावर खरा खजिना आहे. १२ आणि त्यापुढच्या आयफोनमध्ये काही भाग बदललेला असेल तर 'पार्ट्स अँड सर्व्हिस हिस्टरी' असा रकाना दिसतो. अस्सल भाग असेल तर तसं लिहून येतं, परका असेल तर 'अननोन पार्ट'. काहीच बदललं नसेल तर रकानाच येत नाही. आता ही गंमत लक्षात घ्या. चार वर्षं वापरलेला १३ मिनी, रकाना नाही, आणि बॅटरी हेल्थ १०० टक्के! विकणारा छाती फुगवून दाखवतो. रकाना नाही म्हणजे फोनच्या लेखी बॅटरी मूळचीच, आणि मूळची बॅटरी एवढ्या वापरानंतर शंभर राहत नाही. म्हणजे आकडा 'बूस्ट' करून खोटा फुगवलाय, किंवा जुन्या बॅटरीची सर्किटपट्टी काढून नव्या सेलला डकवलीय. अशा शंभरपेक्षा प्रामाणिक ७९ परवडले. त्यात निदान घासाघीस करता येते.

मग फेस आयडी नव्यानं नोंदवून बघा. पडला, भिजला, पुढचा कॅमेरा हलला, की तो जातो. आणि ते भाग बोर्डाशी बांधलेले असल्यानं दुसऱ्या फोनमधला काढून बसवला तरी सहसा चालत नाही. ब्राइटनेसच्या पट्टीखाली ट्रू टोन (उजेडानुसार पडद्याचा रंग जुळवणारी सोय) गायब असेल तर फोल्डर, म्हणजे पडद्याचा संच, बहुतेक बाहेरचा आहे. पूर्ण पांढरं चित्र उघडून पडद्यावर जुन्या कीबोर्डची सावली राहिलीय का बघा. फोन आडवा धरून उजेडाकडं करा. कडेला पडदा उचललेला दिसला तर आत बॅटरी फुगलीय. व्हॉइस मेमो रेकॉर्ड करा, मागच्या कॅमेऱ्यानं व्हिडिओ घ्या, स्पीकरवर कॉल लावा. माइक वेगवेगळे असतात, एक चालतो म्हणून सगळे चालतात असं नाही. दहा मिनिटं ४के व्हिडिओ चालू ठेवा. टक्के एकेकानं उतरले तर ठीक, ४१ वरून एकदम ३३ वर उडी मारली तर बॅटरी गेलेली आहे. एवढं होईपर्यंत विकणारा म्हणतो, "घेणार आहात की नुसतं बघाय आलाय?" शेवटचं एकच: त्याला त्याच्या ॲपल अकाउंटमधून (जुनं नाव ॲपल आयडी) बाहेर पडायला लावा, सगळा डेटा पुसायला लावा, आणि 'हॅलो' आल्यावर तुमच्या हातानं सुरू करा. जुन्या मालकाचा पासवर्ड मागितला तर पैसे खिशातच ठेवा. त्या लॉकपुढं भल्याभल्यांचं काही चालत नाही.

बॅटरी बदलायला दिलीत तर शेजारी स्टूल टाकून बसा. खाली पाच पाकळ्यांचे दोन स्क्रू, मग कड गरम करून पडदा उचलायचा. तो ताणून ओढायचा नाही, त्याच्या पट्ट्या बोर्डाला जोडलेल्या असतात. बॅटरी चिकटपट्ट्यांवर बसलेली असते. त्या सावकाश, जवळजवळ सपाट ओढल्या तर रबरासारख्या निघतात, घाईत तुटतात. तुटल्या की कारागीर पत्री हातात घेतो, आणि तिथं आपण "सावकाश ओ" म्हणायचं, कारण सेलला भोक पडलं तर धूर निघतो. जोडताना पाण्याचं नवं सील लावलं का ते विचारा. लावलं तरी पूर्वीसारखा भरवसा नाही. गड्ड्याच्या जत्रेत चिकटलेली बोटं नळाखाली फोनसकट धुणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

इथला खास आजार वेगळाच. चादरी-टॉवेलच्या कारखान्यात किंवा यंत्रमागावर ज्यांचं जाणं-येणं आहे, त्यांच्या खिशात सुताची बारीक धूळ असतेच. ती लाइटनिंगच्या भोकात जाते, दर वेळी केबल तिला आणखी आत दाबते, आणि काही महिन्यांनी तळाशी नमद्याची चकती तयार होते. केबल पूर्ण बसत नाही, 'टक' आवाज येत नाही, वाकडी धरली तरच चार्ज होतो. लोक म्हणतात, "चार्जिंगचा पॉइंट गेला," आणि पैसे मोजून बदलून येतात. फोन बंद करा, लाकडी टूथपिक घ्या, हळू उकरा. करडा बोळा निघतो, सोलापुरी टॉवेलचाच अंश. सेफ्टी पिन घालू नका, आतल्या सोनेरी पट्ट्या शॉर्ट होतात किंवा खरवडतात.

आणखी एक. मॅपसाठी फोन बाईकच्या हँडलला अडकवणाऱ्यांनो, इंजिनच्या सततच्या थरथरीनं कॅमेऱ्याची स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते, असं ॲपलनं २०२१ मध्येच जाहीर केलंय. त्यात आपल्या रस्त्यांची थरथर धरलेली नाही.

मराठी टाइप करणाऱ्यांना वेगळा दंड. १३ मिनीच्या पडद्याची रुंदी पावणेसहा सेंटीमीटर, आणि देवनागरी कीबोर्डवर एका ओळीत दहा-अकरा अक्षरं. 'काका आले' लिहायला जावं आणि 'काका गेले' जावं, एवढी जवळीक. बोलून टाइप करा, किंवा इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिणारा कीबोर्ड लावा.

बाकीच्या उमेदवारांचं थोडक्यात. २०२० चा एसई १४८ ग्रॅमचा, खाली होम बटणाचा, बोटाच्या ठशाचा, म्हणून ज्येष्ठांना आवडतो. पण त्याला ५जी नाही, रॅम ३ जीबी, आणि आयओएस २६ साठी त्याचा ए१३ प्रोसेसर ही सगळ्यात खालची पायरी आहे. २०२२ चा एसई बरा, ५जी आहे, पण कडांच्या मधोमध पडदा ४.७ इंचच. पिक्सेल ४ए दिसायला गोड, हेडफोनची पिनही आहे. मात्र तो अँड्रॉइड १३ वर थांबलाय, आणि जानेवारी २०२५ मध्ये गूगलनं अपडेट पाठवून काही फोनांची बॅटरीच आखडती केली. गॅलेक्सी एस१०ई अँड्रॉइड १२ वर थांबला. ज्या फोनला सुरक्षेचे अपडेट येत नाहीत त्यात यूपीआय ठेवू नये, माझा तरी जीव होत नाही. १२ मिनी घ्यायचा तर ६४ जीबीचा नको. मेमरी कार्ड लागत नाही, आणि नातेवाइकांच्या सुप्रभातांना अंत नाही. राहिला १३ मिनी. १२८ जीबीपासून सुरू, ५जी, एक सिम आणि एक ई-सिम. नव्यात ६९,९०० ला होता. मी घ्या म्हणेन तो हाच, तोही बॅटरीचा खर्च भावातून कापून.

बिल घ्या, त्यावर आयएमईआय लिहून घ्या, दुकानाचा शिक्का मारून घ्या. मग कव्हर मागा. बारक्याचं कव्हर सहज मिळत नाही. दुकानदार कुठल्यातरी खोक्याच्या तळातून १२ मिनीचं काढून देतो. १२ चे मागचे दोन कॅमेरे एकाखाली एक, १३ चे तिरपे, त्यामुळं एक भिंग कव्हराखाली अर्धं झाकतं. तुम्ही ते दाखवता. तो अंगठ्यानं कव्हर जोरात दाबतो आणि म्हणतो, "बसतंय की ओ मालक. एकच कॅमेरा वापरा."