जांभळे चांगले, गुलाबी वाईट? ग्रॅम स्टेन असे काही सांगत नाही

गंगावेशीत म्हशीची धार समोर काढून घेऊन दूध पिणाऱ्या आम्हा कोल्हापूरकरांच्या व्हॉट्सॲपवर सध्या एक संदेश फिरतो आहे. मोबाइलला लेन्स लावून दुधाचा थेंब पाहावा, त्यात हलणारे ठिपके म्हणजे जिवंत जंतू. ग्रॅम स्टेन, म्हणजे जीवाणू रंगवून पाहण्याची पद्धत, केल्यावर जांभळे दिसतील ते चांगले, गुलाबी दिसतील ते वाईट. जंतूचे नावही तेवढ्यातच कळते. आणि स्लाइडवर काही दिसले नाही तर दूध न उकळता प्यावे, असा त्याचा मजकूर आहे.

हलणाऱ्या ठिपक्यांचा उलगडा सोपा आहे. ते बहुतांशी स्निग्धांशाचे गोलक असतात आणि भोवतालच्या रेणूंच्या धक्क्यांनी जागच्या जागी थरथरतात. उकळून गार केलेल्या दुधातही ते तसेच थरथरताना दिसतील.

रंगाचा मुद्दा मात्र सविस्तर पाहावा लागतो. हान्स क्रिस्टियन ग्रॅम या डॅनिश वैद्याने १८८४ साली ही पद्धत प्रसिद्ध केली. आज आपण स्मिअरवर, म्हणजे काचेवर पसरलेल्या नमुन्याच्या पातळ थरावर, क्रिस्टल व्हायोलेट हा जांभळा रंग आणि नंतर आयोडीन घालतो, अल्कोहोलने धुतो आणि शेवटी सॅफ्रॅनिन हा गुलाबी रंग देतो. ज्या जीवाणूंची पेशीभित्तिका जाड असते ते जांभळा रंग धरून ठेवतात. पातळ भित्तिकेच्या जीवाणूंतून तो निघून जातो आणि ते सॅफ्रॅनिनने गुलाबी होतात. म्हणजे रंग भित्तिकेचा आहे, स्वभावाचा नाही. विरजणातला लॅक्टोबॅसिलस जांभळा दिसतो, आणि धनुर्वाताचा क्लॉस्ट्रिडियम टेटनायही जांभळाच. उलट आपल्या आतड्यात निमूट राहणारे ई. कोलाय गुलाबी असतात. शिवाय हा रंग हाताच्या सवयीवरही अवलंबून आहे: स्लाइड तिरकी धरून अल्कोहोल सोडताना ओघळणारा जांभळा रंग थांबला की लगेच पाण्याखाली धरावी लागते, आणि अल्कोहोल काही सेकंद जास्त राहिले की जांभळे राहायला हवेत तेही गुलाबी होतात. शिकत असताना मी अशा स्लाइड कितीतरी वाया घालवल्या आहेत.

नावाविषयी एवढेच, की ई. कोलाय आणि साल्मोनेला हे दोन्ही गुलाबी दांडके आहेत आणि ग्रॅम स्टेनवर त्यांना वेगळे ओळखता येत नाही. त्यासाठी कल्चर (जंतू वाढवून पाहणे) आणि जैवरासायनिक चाचण्या कराव्या लागतात. क्षयासाठीचे झील-नील्सन स्टेनिंग पुष्कळ अधिक सांगते, हे खरे. परंतु त्यातही माणसाच्या आणि गुरांच्या क्षयाचे जीवाणू सारखेच लाल दिसतात.

सर्वांत घातक आहे तो शेवटचा दावा. सूक्ष्मदर्शकाखाली दुधातले जीवाणू मोजण्याच्या रूढ पद्धतीत ०.०१ मिलिलिटर दूध एक चौरस सेंटिमीटरवर पसरतात. ऑइल इमर्शनखाली, म्हणजे तेलाचा थेंब लावून वापरायच्या सर्वांत मोठे करून दाखवणाऱ्या भिंगाखाली, एका वेळी दिसणारे वर्तुळ साधारण ०.२ मिलिमीटर व्यासाचे धरले, तर त्या चौकोनात अशी तीन हजारांहून अधिक वर्तुळे मावतात; म्हणून प्रत्येक वर्तुळात सरासरी एक जीवाणू दिसायलाही मिलिलिटरमागे तीन लाखांवर जीवाणू असावे लागतात. दोन-चार वर्तुळे रिकामी दिसली म्हणून दूध निर्जंतुक ठरत नाही, कारण दुधातून येणारा ब्रुसेला हा जीवाणू याहून कितीतरी कमी संख्येनेही माणसाला आजारी पाडू शकतो. तो पाश्चरीकरणात, म्हणजे ७२ अंश सेल्सिअसवर १५ सेकंदांत मरतो, आणि घरच्या पातेल्यात दूध उकळल्यावरही मरतो.