जेरार्डचं घसरणं आणि दोन गुणांचा हिशेब

एप्रिल आला की ती क्लिप फिरायला लागते. लिव्हरपूलचं मैदान ॲनफिल्ड, २७ एप्रिल २०१४. त्यांचा कर्णधार स्टीव्हन जेरार्ड घसरतो, चेल्सीचा डेम्बा बा चेंडू घेऊन सुटतो, गोल. खाली ठरलेली ओळ: ‘हा घसरला म्हणून लिव्हरपूलची लीग गेली. नाहीतरी यानं आयुष्यात जिंकलं काय?’

आधी क्लिप नीट बघा. सहकारी साखोनं दिलेला साधा पास जेरार्डच्या बुटाखालून निसटतो. पाय घसरतो तो त्यानंतर, चेंडूमागे धावायला वळताना. म्हणजे मूळ चूक पहिल्या स्पर्शातच झाली. ती त्याचीच, आणि मोठी. झाकायला मी आलेलो नाही. दोनच आठवड्यांपूर्वी मँचेस्टर सिटीला ३-२ हरवल्यावर मैदानातच सगळ्यांना कवेत घेऊन ‘आता हे निसटू द्यायचं नाही’ असं बजावणारा हाच. त्यासाठी त्यानं वापरलेलं इंग्रजी क्रियापद घसरण्याचंच होतं. नियतीच्या कोट्याही कधीकधी फारच टुकार असतात.

आता हिशेब. मोसमाअखेर प्रीमियर लीगमध्ये सिटी ८६ गुणांवर पहिली, लिव्हरपूल ८४ वर दुसरं. तो गोल पूर्वार्धाच्या भरपाई वेळेतला, तोवर ०-०. समजा घसरलाच नसता आणि सामना तसाच बरोबरीत सुटला असता, तर बरोबरीचा एक गुण मिळून लिव्हरपूलचे होतात ८५. तरीही सिटीच पहिली. लीग हवी तर चेल्सीला हरवून तीन गुण घ्यायला हवे होते, किंवा बरोबरीनंतर पुढचा क्रिस्टल पॅलेसचा सामना जिंकायला हवा होता. ५ मे रोजी तिथं काय झालं? ७९ व्या मिनिटापर्यंत ३-० आघाडी, शेवट ३-३. गोलफरक वाढवायच्या नादात पुढे पुढे जात राहिले आणि मागचं दार सताड उघडं ठेवलं. पण त्या रात्रीचं मीम कुणी बनवत नाही, कारण तिथं दोष अकरा जणांत वाटावा लागतो.

मोसमभरात या संघानं १०१ गोल केले आणि ५० खाल्ले. विजेतेपदाच्या शर्यतीत ५० म्हणजे फारच. त्यात सिटीविरुद्ध हेंडरसनला लाल कार्ड मिळालं. तीन सामन्यांची बंदी, म्हणजे चेल्सी आणि पॅलेस दोन्ही वेळी मधल्या फळीतला सर्वात धावणारा माणूस बाहेर. आणि ज्याच्यावर खापर फुटतं, त्यानं ३३ व्या वर्षी बचावफळीपुढे खेळून लीगमध्ये १३ गोल केले, १३ करून दिले.

‘जिंकलं काय?’ लीग नाही, हे खरंच. पण २००५ ची चॅम्पियन्स लीग आहे: इस्तंबूलमध्ये मिलानविरुद्ध ०-३ मागे असताना पहिला गोल याच्या डोक्याचा, आणि जादा वेळेत हाच राइट बॅकला, म्हणजे उजव्या बचावात, जाऊन मिलानच्या सेर्जिन्योला अडवत होता. यूएफा कप आहे, तीन लीग कप आहेत, दोन एफए कप. त्यातला २००६ चा वेस्ट हॅमविरुद्धचा. २-३ मागे, ९० मिनिटं संपलेली, पायात गोळे आलेले. चेंडू उसळून समोर आला तेव्हा गोल जवळजवळ पस्तीस यार्ड लांब होता. धावायचं त्राण नव्हतं, म्हणून तिथूनच मारला.