थेंबथेंब नळावर भिस्त ठेवू नका

कडाक्याची थंडी पडली की एक संदेश हमखास फिरतो: ‘रात्री एक नळ थेंबथेंब सोडा, पाइपांना कापड गुंडाळा आणि निर्धास्त झोपा. वाहतं पाणी गोठत नाही. गोठलंच तर वरून उकळतं पाणी ओता.’ यातली निम्मी गोष्ट अर्धवट आहे आणि शेवटची सरळ धोक्याची.

वाहतं पाणी गोठत नाही, हे खरं नाही. थंडी पुरेशी असेल तर बारीक धारही गोठते. मग नळ सोडायचा कशाला? दाबासाठी. पाण्याचा बर्फ होताना त्याचं आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं. पाइपात बर्फाचा बूच बसला आणि नळ बंद असला, की बूच आणि नळ यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्यावर दाब चढत जातो. म्हणून पाइप बरेचदा बर्फापासून लांब, भलत्याच ठिकाणी फुटतो. नळ किंचित उघडा असेल तर त्या दाबाला वाट मिळते. पण ती फक्त त्याच नळाच्या फाट्याला. स्वयंपाकघरातला नळ सोडला म्हणून बाहेरच्या भिंतीतला न्हाणीघराचा पाइप वाचत नाही. गरम पाण्याची वेगळी लाइन असेल तर तिचाही नळ सोडावा लागतो. शिवाय सांडपाण्याचा पाइप थंडीत उघडा असेल, तर हेच थेंब तिथे गोठून तो तुंबू शकतो.

आता कापड. वेष्टन ऊब तयार करत नाही, आहे ती जाण्याचा वेग कमी करतं. घर बंद करून आठवडाभर गावाला गेलात, तर गुंडाळलेला पाइपही शेवटी बाहेरच्या हवेइतकाच थंड होतो. अशा वेळी मुख्य व्हॉल्व्ह बंद करून, सगळे नळ उघडून पाणी काढून टाकणं हाच भरवशाचा उपाय. कापड ओलं झालं तर तेवढाही उपयोग राहत नाही. बंद पेशींचा, म्हणजे पाणी न शोषणारा फोम बरा. एक चूक मात्र फार दिसते: भिंतीतल्या पाइपच्या खोलीकडच्या बाजूला जाड थर भरतात. तो बाहेरच्या बाजूला हवा, नाहीतर खोलीची ऊबच पाइपपासून तुटते. आणि फटी बुजवा! पाइप भिंतीतून आत येतो तिथली बोटभर फट थंड वाऱ्याचा झोत थेट पाइपवर सोडते. सिंकखालच्या कपाटाची दारं रात्री उघडी ठेवली तर खोलीची ऊब आत पोहोचते. फुकटचा उपाय, तरी त्या संदेशात त्याचा उल्लेखही नाही.

उकळतं पाणी अजिबात नको. अचानक बसलेल्या उष्णतेने प्लास्टिक आणि सांधे तडकू शकतात. ब्लो टॉर्चने तर घराला आग लागू शकते. नळ उघडा ठेवा आणि हेअर ड्रायरने नळाच्या टोकापासून गोठलेल्या भागाकडे हळूहळू सरका. मधूनच तापवलंत तर दोन बर्फांमध्ये अडकलेल्या पाण्याचा दाब वाढून पाइप फुटू शकतो. ड्रायर हातात घेण्याआधी मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे ते पाहून ठेवा, कारण तडा आधीच गेलेला असेल तर गळती बर्फ वितळल्यावरच सुरू होते.