शेपूट विकावं, विमान भेट द्यावं

विमानांचा कारखाना काढायचा मनात असेल तर आधी सरकार व्हा. भांडवल, गिऱ्हाईक आणि तक्रारपेटी, तिन्ही प्रश्न घरातच मिटतात. जागेसाठी शीआनजवळचं येनल्यांग बघून ठेवा. शीआन म्हणजे तेच, जिथे सम्राटाच्या थडग्यापाशी मातीचे सैनिक दोन हजार वर्षं रांगेत उभे आहेत. गिऱ्हाइकानेही असाच धीर धरावा, हा संस्कार गावातच मिळतो. चीनने १९५८ मध्ये शीआन एअरक्राफ्ट तिथेच सुरू केली.

नकाशे स्वतः काढत बसू नका. थोरल्या भावाकडून मागून आणा. सोव्हिएत तुपोलेव्ह-१६ हे बॉम्बफेकी विमान परवान्याने घेतलं आणि एच-६ म्हणून त्याचं बारसं केलं. १९६० मध्ये भावाभावांत बिनसलं, सोव्हिएत तंत्रज्ञ बोऱ्याबिस्तर आवरून गेले. विमान मात्र राहिलं. १९६७ साली चीनचा पहिला हायड्रोजन बॉम्ब लोप नूरला, त्यांच्या अणुचाचण्यांच्या मैदानात, पडला तो एच-६ मधूनच. (आपण फार हसू नये. आपल्या ओझरलाही मिग-२१ परवान्यावरच बनली.)

आता खरी मेख ऐका. मूळ तुपोलेव्ह पहिल्यांदा उडालं एप्रिल १९५२ मध्ये, अमेरिकेच्या बी-५२ या बॉम्बफेकी विमानानंतर अवघ्या बारा दिवसांनी. अमेरिकेने १९६२ मध्ये बी-५२ बनवणं थांबवलं आणि आहेत तीच डागडुजी करून उडवते आहे. येनल्यांगवाले पुढच्या शतकातही नवी कोरी एच-६ बाहेर काढत राहिले. इंजिन बदललं, कॉकपिट बदललं, पंखांखाली क्षेपणास्त्रं टांगली. आजोबांचा कोट दर दिवाळीला उसवून शिवायचा आणि नवा म्हणून मिरवायचा. तुमच्या घरात हे चालणार नाही, पण हवाई दलात चालतं.

मोठं मालवाहू विमान हवं असेल तर शेजाऱ्यांच्या खिडकीत डोकवायला लाजू नका. २०१३ मध्ये वाय-२० उडालं. चिनी लोक त्याला लाडाने ‘जाडी पोरगी’ म्हणतात. जाडीकडे बघून अनेकांना अमेरिकेचं मालवाहू सी-१७ आठवतं. आठवू द्या. सी-१७ची माहिती बोइंगच्या संगणकांतून चोरण्याच्या कटात एका चिनी व्यावसायिकाने २०१६ साली अमेरिकेच्या कोर्टात गुन्हा कबूल केला आणि ४६ महिन्यांची शिक्षा घेतली. या दोन वाक्यांचा एकमेकांशी संबंध लावण्याइतके तुम्ही कोत्या मनाचे नाही, हे मला ठाऊक आहे.

लष्कराचं सोपं असतं हो. हवाई दल म्हणजे घरचंच गिऱ्हाईक, आणि लेकाला डबा आवडला नाही तरी तो खातोच. अडचण येते प्रवासी विमानाची, कारण प्रवाशाला दुसरा डबा मिळतो. सोव्हिएत अँतोनोव्ह-२४ वरून वाय-७ काढलं, वाय-७ला कॅनडाची प्रॅट अँड व्हिटनी इंजिनं लावून साठेक आसनांचं एमए-६० केलं. अमेरिका आणि युरोपचं प्रमाणपत्र त्याला कधी मिळालं नाही. मग काय करावं? ज्याला नको म्हणता येत नाही असं गिऱ्हाईक शोधावं, आणि तेही मिळेना तर आहेर करावा.

२०१३ मध्ये टोंगा या प्रशांत महासागरातल्या बेटांच्या देशाला एक एमए-६० भेट दिलं. तिथल्या पर्यटनाला पैसे पुरवणाऱ्या न्यूझीलंडने ताबडतोब मदत थांबवली आणि आपल्या नागरिकांना सावधगिरीची सूचना काढली. काकाने सायकल आणली म्हणून मामाने शाळेची फी बंद करावी, तसं. झिंबाब्वेनेही ही विमानं घेतली. २००९ मध्ये हरारेच्या धावपट्टीवर त्यातलं एक उड्डाणाच्या वेगात असताना रानडुकरांच्या कळपावर आदळलं. यात कारखान्याचा काय दोष? डुकरांनी प्रमाणपत्र बघायला हवं होतं.

इंडोनेशियात कायमानाजवळ २०११ मध्ये एमए-६० समुद्रात पडून २५ माणसं गेली. तपासात ठपका खराब दृश्यमानतेतल्या वैमानिकांच्या निर्णयांवर आला. तिथे मी थट्टा करणार नाही.

नेपाळने सहा चिनी विमानं घेतली. त्यांत दोन एमए-६०, बाकीची चीनच्याच हार्बिन शहरातली लहान वाय-१२. काही भेट, काही कर्जावर. भेटीची गंमत अशी की पांढऱ्या हत्तीला चाराही पाहुण्याच्याच दुकानातून आणावा लागतो. सुटे भाग, प्रशिक्षण, सगळं. २०२० मध्ये नेपाळ एअरलाइन्सने हात जोडले आणि विमानं काठमांडूच्या त्रिभुवन विमानतळावर उभी करून ठेवली. कर्जाचे हप्ते मात्र उभे राहत नाहीत, ते चालतात.

एवढं वाचून तुम्ही म्हणाल, या कारखान्याला काही येतच नाही. थांबा. बोइंग ७३७चं उभं शेपूट हाच कारखाना वर्षानुवर्षं बनवत आला आहे, आणि ते बोइंगच्या कसोटीला उतरतं. एअरबसलाही इथून पंखांचं काम गेलं. म्हणजे एका आवारात बॉम्बफेकी विमान, पलीकडे अमेरिकेच्या प्रवाशांचं शेपूट. २०२० मध्ये अमेरिकेने याच कारखान्याच्या मालक महामंडळाला चिनी लष्कराशी जोडलेल्या कंपन्यांच्या यादीत टाकलं. यादी करायला गेलेला अधिकारी ७३७ने गेला नसेल, अशी आशा करू या.

कधी काठमांडूला उतरलात तर खिडकीतून ती उभी विमानं दिसतात का बघा, अजून जागेवर असली तर. तुम्ही बसलेलं विमान ७३७ असेल तर मागे त्याच कारखान्याचं शेपूट असण्याचा संभव आहे. ते मात्र कुणीतरी रोख मोजून घेतलेलं.