अक्कलदाढ, हळद आणि तीस रुग्ण

ओरल सर्जरीत एमडीएस (दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) करताय, सहा महिन्यांत सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, द्यायचीय आणि विषय अजून मिळालेला नाही? मग शोधत बसू नका. खालची अडकलेली अक्कलदाढ घ्या. ओपीडीत तिचा तुटवडा कधीच पडत नाही. जोडीला, दाढ काढल्यावर उरणाऱ्या खड्ड्यात, म्हणजे सॉकेटात, भरायला हळद घ्या. हळद म्हटल्यावर एथिक्स कमिटीत कुणाच्या कपाळाला आठी पडत नाही, आणि प्रस्तावनेची दोन पानं आपोआप भरतात. १९९५ मध्ये अमेरिकेत जखमेवरच्या हळदीचं पेटंट दिलं गेलं, माशेलकर महासंचालक असताना सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं, हा परिच्छेद तिथे हवाच. पेटंट रद्द झालं ते हा उपयोग जुनाच आहे म्हणून. हळदीने सॉकेट लवकर भरतं असं त्या निकालात कुठेच ठरलेलं नाही. पण एवढं खोलात कोण जातंय?

हळद म्हणजेच करक्युमिन, असं पहिल्या पानावर ठोकून द्या. पुडीतल्या हळदीत ते जेमतेम तीन टक्के असतं, आणि बाटलीवर ‘करक्युमिन’ लिहिलेल्या पावडरीतही त्याची दोन भावंडं मिसळलेली असतात. एचपीएलसी नावाची चाचणी करून त्यातलं कोण किती आहे हे बघायला गेलात तर पुढची सगळी टर्म फार्मसी कॉलेजच्या पायऱ्या चढण्यात जाईल. करक्युमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही. शरीराच्या पीएचला नुसत्या बफर द्रावणात ठेवलं तर अर्ध्या तासात बहुतेक सगळं मोडून जातं. तेव्हा जूनमध्ये घोटलेलं हळदीचं जेल दिवाळीनंतरच्या रुग्णाला भरताना त्यात नेमकं काय उरलंय, हा प्रश्न गाइडनी विचारला नाही तर आपणही काढू नये. २०१७ मध्ये ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’त करक्युमिनचा लांबलचक आढावा आला होता. हा रेणू निरनिराळ्या चाचण्यांत फसवा होकार देतो, आणि प्लासिबोशी (औषध नसलेल्या नकली डोसाशी) तुलना केलेली एकही डबल-ब्लाइंड (कुणाला काय दिलंय हे रुग्णाला आणि तपासणाऱ्याला दोघांनाही ठाऊक नसलेली) चाचणी यशस्वी ठरलेली नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. तो संदर्भ जरूर घ्या. ‘करक्युमिनवर विपुल संशोधन झाले आहे’ या वाक्याच्या शेपटाला त्याचा क्रमांक शोभून दिसतो.

प्रबंध जाड करायचा असेल तर मायक्रोबायॉलॉजीतून जंतू वाढवायची एक अगार प्लेट मिळवा आणि तिच्यात खळगे, म्हणजे विहिरी, पाडा. एका विहिरीत मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम अर्क, दुसरीत ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक, म्हणजे मिलिलिटरला २ मिलिग्रॅम. पन्नासपट डोस देऊन विहिरींभोवतीच्या जंतुमुक्त कड्यांची बरोबरी झाली की ‘तुल्यबळ’ लिहा. अर्क डीएमएसओ या द्रावकात विरघळवला असेल तर नुसत्या डीएमएसओची विहीर पाडू नका; तिच्याभोवतीही कडं उमटलं तर सगळाच विचका होईल.

नमुना-संख्या ३०, पंधरा-पंधरा. सूत्र मागाहून लावायचं: अपेक्षित फरक हळूहळू वाढवत न्या, उत्तर तीसवर आलं की थांबा. यादृच्छिक वाटपासाठी अपारदर्शक सीलबंद पाकिटं कशाला? ओपीडी नंबर सम की विषम, एवढं पुरे. दाढेचा एक्स-रे आधी बघितला तर उत्तमच. पुढे झुकलेली मेसिओअँग्युलर दाढ हळदीच्या गटात जाऊ द्या. मागे कललेली, जबड्याच्या रॅमस या उभ्या हाडात रुतलेली डिस्टोअँग्युलर कंट्रोलमध्ये, म्हणजे बिनहळदीच्या गटात. हळदीच्या गटात सरांनी हात घालावा, कंट्रोल पहिल्या वर्षाच्या ज्युनियरने उपसावं. पाऊण तास हाड कापल्यावर जी सूज येते ती हळद न लावल्यामुळेच येते, हे ओघाने सिद्ध होतं.

‘डबल-ब्लाइंड’ हे शब्द शीर्षकातच घाला. जेल पिवळंधमक असतं, टाक्यांचा काळा रेशमी धागाही कडेने पिवळा दिसतो, गॉजवर डाग पडतात. तपासणाऱ्याने तोंड उघडायला सांगताच कोण कुठल्या गटातला ते कळतं. कंट्रोलच्या जेलमध्ये निरुपद्रवी पिवळा रंग मिसळून हे टाळता येतं. म्हणूनच त्या वाटेला जाऊ नये.

सूज मोजायला सुती दोरा आणि फूटपट्टी लागते. कानासमोरच्या ट्रॅगसपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत, ट्रॅगसपासून हनुवटीच्या टोकापर्यंत, आणि डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून जबड्याच्या कोनापर्यंत, अशा तीन रेषा. पहिलं माप सुन्न करण्याचं इंजेक्शन देण्याआधी घ्यायचं असतं. पेनाच्या खुणा तिसऱ्या दिवसापर्यंत पुसून जातात, दाढी वाढलेली असते, आणि दोरा किती ताणला यावर दोन-तीन मिलिमीटर इकडचे तिकडे होतात. तुमचा ‘परिणाम’ही साधारण तेवढाच असल्यामुळे दोरा एकाच्याच हातात ठेवा. शक्यतो तुमच्या.

तिसरा दिवस कळीचा, कारण सूज ४८ ते ७२ तासांत शिगेला पोहोचते. आणि नेमका त्याच दिवशी तालुक्याहून आलेला रुग्ण एसटीचं भाडं परवडत नाही म्हणून येत नाही. सातव्या दिवशी टाके काढायला मात्र हजर. मग तिसऱ्या दिवसाचा रकाना भरायचा कसा? फोनवर दुखणं विचारता येतं, तोंड किती मिलिमीटर उघडतं हे विचारता येत नाही. रात्री एक्सेल उघडून भरलेले आकडे ३०, ३५, ४० असे पाच-पाचच्या पायऱ्यांनी चढतात. खरी मापं ३३ आणि ३७ सुद्धा असतात, हे ज्याला ठाऊक आहे असा परीक्षक आला तर मात्र दैव जाणे. दोन्ही गटांना अ‍ॅमॉक्सिसिलिन, अ‍ॅसिक्लोफेनॅक-पॅरासिटामॉल आणि वॉर्डाच्या सवयीने सूज दाबणारं डेक्सामेथासोन ८ मिलिग्रॅम दिलेलं असतंच. त्यानंतर दुखणं कुणी कमी केलं, याचं श्रेय हळदीला देण्याइतके आपण उदार असावं. कुणी किती जादा गोळ्या खाल्ल्या याची नोंद ठेवलीत तर हे औदार्य अंगाशी येईल.

आकडे घेऊन स्टॅटिस्टिशियनकडे जाल तेव्हा गटागटांत फरक निघणार नाही. घाबरू नका. दुखणं, सूज आणि तोंडाचं उघडणं, ही तीन मापं तीन भेटींना घेतलीत म्हणजे नऊ चाचण्या झाल्या. त्या परस्परांपासून स्वतंत्र धरल्या तर औषधात काहीच दम नसतानाही एखादा तरी पी ०.०५ च्या खाली, म्हणजे ‘फरक पडला’ म्हणण्याच्या हद्दीत, येण्याची शक्यता ३७ टक्के आहे. तो एक उचला, बाकीचे आठ परिशिष्टात टाका. तोही हाती लागला नाही तर रामबाण आहेच: हळदीच्या गटाची तिसऱ्या दिवसाची सूज त्याच गटाच्या सातव्या दिवसाशी पेअर्ड टी-टेस्टने ताडून बघा. पी ०.००१ च्या खाली येणार, अगदी लिहून घ्या. सातव्या दिवशी सूज सगळ्यांचीच उतरते, काही न लावलेल्यांचीही. पण कंट्रोलची तीच तुलना तक्त्यात दाखवा असं तुम्हाला कोण सांगणार आहे?

सीटीआरआयची, म्हणजे देशातल्या क्लिनिकल चाचण्यांच्या नोंदवहीतली, नोंदणी तेवढी पहिला रुग्ण घेण्याआधी करा. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंद होत नाही. तिथे मुख्य निष्कर्ष म्हणून ‘दुखणे’ लिहिलं असेल आणि प्रबंधात ‘सूज’ आली असेल तरी बिघडत नाही. दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचणारा माणूस क्वचितच भेटतो.

प्रबंध जमा झाला की वर्डची फाइल ज्युनियरच्या पेनड्राइव्हमध्ये टाका. त्याला एवढंच बजावा की ‘हळद’ काढून ‘तुळस’ बसवताना जेलच्या वर्णनातला ‘पिवळसर’ही बदलायचा.